कुरण नंबर चार

"गाडीतून पाय खाली टेकवायचा नाही, हे त्यांना दोनदा सांग," भोईटे साहेब फाटकापाशी मला म्हणाले. "आणि कुरणापाशी काय सांगायचं ते ठाऊक आहे ना?"

"हाव जी. रोजच सांगते."

"म्हणून दाखव बघू."

मी शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून म्हणाले, "इथे पूर्वी एक लहानसं गाव होतं. गावकरी आपल्या खुशीनं जंगलाबाहेर गेले. आता त्या जागी कुरण आहे आणि चितळांची संख्या वाढली आहे."

"बास. त्यापुढे एक शब्द नको. ही पोरं परदेशातली आहेत, वन्यजीवांचा अभ्यास करतात, परत जाऊन अहवाल लिहितात. वरून फोनावर फोन येतायत मला."

भोईटे साहेब आमचे रेंजर. साताऱ्याकडचे, बदली होऊन आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात आलेले. माणूस वाईट नव्हता. अस्वलानं फाडलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी स्वतःच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं, सीटवरचं रक्त स्वतः धुतलं होतं. पण वरून फोन आला की ते बदलायचे. मिशी तीच, आवाज दुसऱ्याचा.

त्या फाटकावर बायकांना गाइडचं काम नुकतंच मिळालं होतं, त्यातली मी एक. खाकी सदरा, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव – इंदू सिडाम. इंग्रजी प्रशिक्षणात शिकलेलं, तोडकंमोडकं, पण जंगलापुरतं पुरेसं.

दिवाळी तोंडावर आली होती. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापून झाला होता आणि पहाटे अंगावर काटा येईल अशी थंडी पडायची. त्या दिवशी मी उठले तर आई घरात नव्हती. मावशीच्या गावी साक्षगंध आहे, पहाटेच निघेन, असं ती आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. चुलीपाशी भात रांधायचा मोठा गंज धुऊन पालथा घातलेला दिसला. साक्षगंधाला जाणारी बाई घरून एवढा भात रांधून कशाला नेईल, असं मनात आलं. पण फाटकावर वेळेत पोचायचं होतं. भाकर फडक्यात बांधली आणि निघाले.

पाहुण्यांच्या तीन जिप्सी होत्या. दोन दुसऱ्या रस्त्यांनी गेल्या. तिसरी माझी. चालवायला सूर्यभान, त्याच्या शेजारी खुद्द भोईटे साहेब, मागे चार विद्यार्थी आणि त्यांना घेऊन आलेल्या नागपूरच्या दाभाडकर मॅडम. विद्यार्थ्यांत एक हॉलंडचा उंच पोरगा होता, यान. एक केनियाची मुलगी होती, अकिनी. बाकीचे दोघे थंडीनं ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून बसले होते.

वाघ कधी दिसणार, हे त्या पोरांनी विचारलंच नाही, याचं मला नवल वाटलं. रस्त्यावर आडवी विणलेली कोळ्याची जाळी यानच्या तोंडाला चिकटली, तर तो ओरडायच्या ऐवजी हसायला लागला आणि गालावरच्या कोळ्याला अलगद बोटावर घेऊन पानावर सोडून आला. म्हणजे गाडीतूनच वाकून. नियम पोरांनी पाळला. अकिनी प्रत्येक झाडाचं नाव विचारायची.

"हा ऐन. हा साजा… म्हणजे दोन्ही एकच. हा तेंदू."

"आणि तुमच्या भाषेत?"

"ही माझीच भाषा आहे."

"नाही, घरी जी बोलता ती."

मी समोर पाहिलं. भोईटे साहेबांची मान थोडी वळली होती. "घरी गोंडी बोलतो," मी म्हणाले आणि मोहाच्या झाडाकडे बोट केलं. "त्याला आम्ही इरूक म्हणतो."

तिनं तो शब्द दोन-तीनदा घोळवला. तेवढ्यात चितळाचा धोक्याचा कॉल आला. एक, मग दुसरा, मग लागोपाठ. त्यावर वानराची खरखर.

सूर्यभाननं गाडी बंद केली आणि कान दिला. "कुरणातून येऊन रायला कॉल," तो पुटपुटला. "वाघीण असन. काल तिची पावलं त्याच बाजूनं होती."

भोईटे साहेबांचा चेहरा खुलला. परदेशी पाहुणे, पहिलीच फेरी आणि वाघीण! "चल, चल. धूळ उडवू नकोस फक्त."

कुरण नंबर चार म्हणजे साग संपून एकदम उघडी पडणारी जागा. कमरेएवढं गवत, मधे आंब्याची चार-दोन जुनी झाडं, एका कडेला दांडा नसलेला हातपंप आणि टोकाला एक अजस्र मोह. आम्ही पोचलो तेव्हा चितळांचा कळप एका बाजूला गोळा होऊन मोहाच्या दिशेनं ताठ बघत होता. गवत हललं. यानचा कॅमेरा वर गेला. अकिनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

गवतातून एक टोपली वर आली.

टोपलीखाली एक डोकं. मग दुसरी टोपली, मग तिसरी. पाचसहा म्हाताऱ्या बायका मोहाकडे चालल्या होत्या, एकीमागे एक. सगळ्यांत पुढे लाल लुगडं.

यानचा कॅमेरा खाली आला. सूर्यभाननं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. तोही आमच्याच नव्या वस्तीतला. त्यानं ओळखलं होतं.

"थांबव गाडी!" भोईटे साहेब उभे राहिले. "ए बाई! कुठं चाललात? इकडं या. सगळ्या इकडं या!"

बायका थांबल्या. टोपल्या खाली उतरवून मोहाच्या बुंध्यापाशी ठेवल्या आणि त्यांच्या पुढे भिंत करून उभ्या राहिल्या. लाल लुगडंवाली दोन पावलं पुढे आली. तिची नजर गाडीवरून फिरली, माझ्यावर आली आणि पुढे सरकली. क्षणभरसुद्धा अडखळली नाही. झाडावरून फिरावी तशी माझ्यावरून फिरली.

"कोण आहेत त्या?" अकिनीनं विचारलं.

भोईटे साहेबांना तेवढं इंग्रजी कळत होतं. ते माझ्याकडे न वळताच म्हणाले, "सांग त्यांना, लाकूड चोरायला आल्यात. विभाग कारवाई करेल."

"साहेब, लाकूड कुठं आहे त्यायच्याजवळ? टोपल्या आहेत."

"इंदू, मी सांगतो तेवढं सांग. गावाचं प्रकरण निघालं की अहवालात जाईल. उद्या शंभर जण टोपल्या घेऊन आत शिरतील. त्यातल्या एकीला वाघिणीनं उचललं तर जबाब कोण देणार? तू?"

हे त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. वाघीण खरंच त्या बाजूला होती. दाभाडकर मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, "अहो, पण साहेब…"

तेव्हा ती लाल लुगडंवाली बाईच बोलली.

"हाव जी, साहेब. लाकडंच न्यायले आलो आमी. चुकलं." मग माझ्याकडे वळून, बाजारात अनोळखी बाईशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "सांग वो बाई तुह्या पाहुण्यायले. चोर आहो म्हणा."

ती माझी आई होती. मैनाबाई सिडाम. जिनं दुसऱ्याच्या बांधावरची वाळलेली काडी कधी उचलली नाही, ती माझा खाकी सदरा वाचवायला चार परदेशी पोरांसमोर हात जोडून चोर व्हायला तयार झाली होती. साक्षगंध कसलं नि काय. मला सांगितलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून तिनं मला सांगितलंच नव्हतं.

"ऐकलंस ना? ती स्वतः कबूल करतेय," भोईटे साहेब म्हणाले. "सांग आता."

"नाही सांगत, साहेब."

"काय?"

"नाही सांगत म्हटलं."

मी पोरांकडे वळले. प्रशिक्षणात शिकवलेलं एकही वाक्य त्या वेळी कामाचं नव्हतं. जसे शब्द आले तसे मांडले. "त्या चोर नाहीत. लाल कपड्यातली माझी आई आहे. हे कुरण नाही, हे आमचं गाव आहे. जामगुडा. तो पंप दिसतो, त्याच्या मागे आमचं घर होतं. माझा जन्म तिथला. त्या आंब्यापलीकडे माझ्या बाबांची माती आहे."

"इंदू!" साहेबांचा आवाज चढला.

"मी आधी एक वाक्य सांगणार होते, की लोक आपल्या खुशीनं गेले. ते कसं झालं ऐका. एका साली शाळा बंद केली. मग दवाखान्याची गाडी यायची बंद झाली. मग गुरांना चराई बंद. मग कागद आणला आणि विचारलं, जाता का खुशीनं? लोकांनी अंगठे दिले. एवढीच खुशी."

आणि मी गाडीचं दार उघडून खाली उतरले.

गवताचं दव पायजम्यातून आत गेलं तेव्हा कळलं, आपण उतरलो आहोत. रोज या जागेवरून जायची मी, पण गाव उठल्यापासून त्या मातीला पाय लागला नव्हता. मागून साहेब ओरडत होते, "गाडीत चढ! नियम माहीत नाही तुला? कार्ड जाईल तुझं!"

"गेलं समजा जी," मी न थांबता म्हणाले.

मी जवळ जाताच आईनं माझ्या दंडाला हिसका दिला. "काहून उतरली तू? अवदसा आठवली का? मी निस्तरत होती ना सारं!"

"तू चोर होशील आन् मी त्यावर नोकरी करू?"

"नोकरी सोपी भेटते का वो माय?"

"नाही भेटत. तरी नाही."

आईनं पदरानं तोंड पुसलं, मागे वळून बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला वो. उतरलीच आहे पोरगी तर तिच्या हातून पाणी घाला मायले. वेळ जाऊन रायला."

मोहाच्या मुळ्यांत आमच्या गावदेवीचा, मातामायचा दगड होता. गाव उठवलं तेव्हा विभागानं ट्रकमध्ये भांडीकुंडी घातली, दारं-चौकटी घातल्या, हा दगडही नेतो म्हणाले होते. म्हाताऱ्यांनी नेऊ दिला नव्हता. माय उठत नाही, लोक उठतात, असं म्हणाले होते. नव्या वस्तीत समाजमंदिर होतं, नळ होता, रस्ता होता. माय नव्हती.

बायकांतल्या भुरीबाईनं दगडावरचा पाला काढला. मी तांब्यातलं पाणी घातलं. आईनं टोपलीवरचं फडकं सोडलं आणि वास आला. नव्या धानाचा भात. आमच्याकडे तो वास लहान मूलही ओळखतं. पळसाच्या पानावर तिनं मूठभर भात ठेवला, वर उडदाचं वरण घातलं, आणि दगडाला म्हणाली, "माय, उशीर झाला. फाटक होतं मधात."

मला तेव्हा कळलं. दर साली धान घरात आला की आई राशनचा जुना तांदूळ वेगळा शिजवून खायची. मला नवा भात वाढायची, स्वतः घ्यायची नाही. पोटाला जड जातो म्हणायची, आणि मी ते खरं मानायची. गाव उठल्यापासून तिनं नवं तोंडात घातलं नव्हतं. मायला दाखवल्याशिवाय नवं खायचं नाही, आणि माय फाटकाच्या आत.

गाडीजवळून पावलांचा आवाज आला. भोईटे साहेब उतरून आले होते. खिशातला वायरलेस खरखरत होता, गार्ड लोक मोटरसायकलवर निघाल्याचं कोणीतरी सांगत होतं.

"बस्स झालं," ते म्हणाले. "उठा सगळ्या. इंदू, तुला अजून एकदा सांगतो. वर चढ, मी काही बघितलं नाही असं धरतो."

"पूजा झाली की उठतो जी."

"माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

"कळते. माही तर गेलीच आहे. तुमची राहावी असं वाटत असन तर थोडं थांबा. म्हाताऱ्या बायायले ओढत नेलं, तर ते या पोरायच्या अहवालात जाईन."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. यान उभा होता. अकिनीही उभी होती, एक पाय गाडीच्या पायरीवर टेकून.

"मी येऊ का?" तिनं मला ओरडून विचारलं.

"नको," मी म्हणाले. "इथे वाघीण आहे. तुम्ही पाहुणे आहात, गाडीतच राहा. आणि फोटो नको."

तिनं पाय मागे घेतला. यानच्या मागच्या पोरानं फोन वर धरला होता, तिनं तो हातानं खाली केला. साहेब आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, जंगलाकडे तोंड. ते वाघिणीवर लक्ष ठेवून होते की आमच्याकडे बघवत नव्हतं, कोण जाणे.

पूजा झाली. आईनं पहिला घास माझ्या तोंडात घातला. मग पानावर उरलेल्या भातातून स्वतः एक घास घेतला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिली. भुरीबाई रडायला लागली. आई रडली नाही. तिनं गिळलं आणि म्हणाली, "हलकाच धान आहे, पण गोड आहे यंदाचा."

मग तिला पाहुणे आठवले. "उपाशी कशे जातीन ते? वाढ वो." मी पानांवर भात घेऊन गाडीपाशी गेले. पोरांनी दोन्ही हातांनी पानं घेतली. दाभाडकर मॅडमनी चष्मा काढून पुसला, मग पान घेतलं. साहेबांसमोर आई स्वतः गेली.

"ड्यूटीवर आहे मी," ते म्हणाले.

"भुका माणूस काय ड्यूटी करन? घ्या जी."

त्यांनी घेतलं. खाल्लं मात्र नाही. गाडीत बसताना पान त्यांनी काचेपाशी ठेवलं, आणि फाटक येईपर्यंत ते तिथेच हिंदकळत होतं, असं पुढे सूर्यभाननं सांगितलं. साहेब उतरल्यावर त्यानंच ते खाल्लं.

आम्हाला गार्ड लोकांनी रेंज ऑफिसात नेलं. विनापरवाना प्रवेश, असा गुन्हा. कारकुनानं आईला विचारलं, "कशासाठी आत गेलात?"

"जेवायले," आई म्हणाली.

"नीट सांगा, आजी."

"नीटच सांगतो. नवं जेवायले."

त्यानं काय लिहिलं ते आम्ही वाचलं नाही. अंगठा मात्र आईनं दिला नाही. "एकदा देला होता," ती म्हणाली. "आता नाही देत." कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात हलवला, जाऊ द्या.

माझं ओळखपत्र त्याच टेबलावर ठेवून आले. खाकी सदरा धुऊन, घडी घालून दुसऱ्या दिवशी पाठवला. दाभाडकर मॅडमनी घरी येऊन विचारलं, तुमच्यासाठी वर पत्र लिहू का? मी म्हणाले, माझ्या कार्डासाठी नको, मायच्या वाटेसाठी लिहा. त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. त्या पोरांनी काय लिहिलं तेही माहीत नाही.

वस्तीत सगळे खूश होते असं नाही. घरकुलांची कामं अडकतील म्हणून काही जण आईशी बोलेनासे झाले. त्या हिवाळ्यात मी तेलंगणात मिरची तोडायला गेले. बोटांची आग रात्रभर जायची नाही. गोदामाच्या ओट्यावर पडल्या पडल्या मी स्वतःला विचारून बघायची, पुन्हा ती वेळ आली तर? दर वेळी गाडीचं दार उघडायचंच.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. भोईटे साहेबांची बदली त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाली. गाइड मी पुन्हा झाले नाही. तालुक्याच्या गावी शिवणकाम करते, आणि वनहक्काच्या सभांना जाते, कुणी बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. आई गेली. आंब्यापलीकडे तिला माती द्यायला मिळाली नाही, त्याचं भांडण अजून चालू आहे. पण मायची वाट उघडली. दर साली नव्याच्या दिवशी फाटक आमच्यासाठी उघडतं आणि त्या सकाळी एकही जिप्सी आत सोडत नाहीत.

ते उघडलं पुढच्याच वर्षी. धान निघाला, आणि आईनं गंज चुलीवर चढवला. या वेळी ती साक्षगंधाला जाते असं कुणाला बोलली नाही. पहाट झाली तेव्हा आमच्या दारात भुरीबाई होती, तिच्या मागे तिच्या सुना होत्या. मग जे वर्षभर बोलत नव्हते तेही टोपल्या घेऊन आले, मान खाली घालून. सूर्यभाननं त्या दिवशी गाडी काढली नाही, त्यानं लेकीला खांद्यावर घेतलं होतं. अख्खी वस्ती रस्त्यानं निघाली. चोरवाटेनं गेलो नाही. उजाडल्यावर, टुरिस्टांच्या गाड्यांच्या रांगेला वळसा घालून, थेट मोठ्या फाटकावर.

नवीन रेंजर होते. ते धावत बाहेर आले. गर्दी बघून त्यांचा आवाज जरा नरमच होता. "आजी, असं येता येत नाही. आधी अर्ज करावा लागतो. अर्ज वर जातो, मग परवानगी येते. तुम्ही विचारलं का कुणाला?"

आईनं डोक्यावरची टोपली माझ्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि फाटकाच्या आडव्या बांबूवर हात ठेवला.

"विचारायले नाही आलो बाबू," ती म्हणाली. "सांगायले आलो. जेवून येतो."

आणि तिनं बांबू वर केला.